आधी ट्रंक उघडा, माईक नंतर: गे माजी फौजीने समान हक्कासाठी कसं भांडायचं

बरेच जण विचारतात, दादा मी फौजेतून बाहेर पडलोय, गे आहे, आत जी पोरं आहेत त्यांना माझ्यासारखं जीव मुठीत धरून जगायला लागू नये म्हणून काहीतरी करायचंय, तर सुरुवात कुठून करू, व्हिडिओ टाकू का, चॅनलवाल्यांना फोन करू का. माझं उत्तर दर वेळी एकच असतं, आधी ट्रंक उघड. पलंगाखाली नाहीतर माळ्यावर ती काळी ट्रंक असते ना, वर नाव आणि नंबर रंगवलेला, तीच. मी स्वतः गे आहे आणि 17 वर्षं फौजेत क्लार्क होतो, आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद सांभाळले, त्यामुळे मला सगळीकडे कागदच दिसतात असं म्हणा हवं तर, पण जगभरात जिथे जिथे हे भांडण जिंकलं गेलं तिथे ते बहुतेक वेळा माणसाच्या सर्व्हिस रेकॉर्डवर जिंकलं गेलंय, रडून किंवा ओरडून कमीच.

ट्रंकेतून काय काढायचं

डिस्चार्ज बुक, किंवा तुमच्या देशात सेवामुक्तीचा जो कागद देतात तो. एसीआर (वरिष्ठ दरवर्षी लिहितात तो गोपनीय शेरा) किंवा त्यातले हाती असतील ते उतारे, पदकांची आणि कोर्सची यादी, पोस्टिंग ऑर्डरी, मेडिकल. आणि रेड इंक एंट्री, म्हणजे शिक्षेची लाल शाईतली नोंद, असेल तर तीसुद्धा, ती लपवू नका, समोरचा वकील सगळ्यात आधी तीच काढून टेबलावर ठेवणार आहे. सगळं स्कॅन करा, एक सेट घरी, एक वकिलाकडे, एक अशा माणसाकडे जो तुमच्याशी भांडला तरी कागद फाडणार नाही.

आता यातली एक ओळ नीट वाचायची आणि ती म्हणजे तुम्हाला बाहेर काढायचं कारण. खूपदा तिथे खरं कारण नसतंच, "सेवेची आता गरज नाही" असली गुळमुळीत ओळ असते. ब्रिटनमध्ये असंच लिहायचे, आपल्याकडेही 2017 मध्ये लिंगबदलाची शस्त्रक्रिया केलेल्या एका नौसैनिकाला याच शब्दांत घरी पाठवलं होतं (तो प्रश्न ट्रान्स हक्काचा, वेगळा आहे, पण कागदावरची भाषा तीच). अमेरिकेत डीडी 214 नावाचा फॉर्म असतो, त्यावर डिस्चार्ज कुठल्या दर्जाचा ते लिहितात, ऑनरेबल, जनरल, अदर दॅन ऑनरेबल वगैरे, आणि कारणाचा कोडही असतो, त्यामुळे नोकरीसाठी तो फॉर्म दाखवला की नव्या मालकाला न सांगता सगळं कळायचं. बघा, एका ओळीने माणसाची पेन्शन, उपचार, नोकरी, गावातली इज्जत सगळं ठरतं. म्हणून आपल्या सगळ्या खटाटोपाचा पाया हाच, की त्यांना खरं कारण कागदावर लिहायला लावायचं. कामात चूक नाही, शिस्तीत चूक नाही, फक्त हा माणूस गे आहे म्हणून. हे एकदा त्यांच्याच लेटरहेडवर आलं की अर्धं काम झालं.

हे मॅटलोविचने कसं केलं ते जरा सविस्तर सांगतो

लेनर्ड मॅटलोविच, अमेरिकन एअर फोर्समध्ये टेक्निकल सार्जंट, व्हिएतनामला तीन वेळा जाऊन आलेला, ब्राँझ स्टार, पर्पल हार्ट ही पदकं, रेकॉर्ड एकदम चकाचक. तिकडे फ्रँक कामेनी म्हणून एक खगोलशास्त्रज्ञ होते, स्वतः दुसऱ्या महायुद्धात लढलेले, 1957 मध्ये आर्मी मॅप सर्व्हिसमधून गे असल्यामुळे काढून टाकलेले, ते कित्येक वर्षं असाच माणूस शोधत होते ज्याच्या फाइलमध्ये बोट ठेवायला जागा नाही. दोघांची गाठ पडली आणि त्यांनी ठरवून, प्लॅन करून, 6 मार्च 1975 ला एक पत्र वरिष्ठांच्या हातात दिलं. साधं पत्र, मी गे आहे आणि मला नोकरीत राहायचंय. कॅप्टन वाचून गोंधळला, याचा अर्थ काय म्हणाला, तर मॅटलोविचने शाळांमधला काळा-गोरा भेद मोडणाऱ्या खटल्याचं नाव घेतलं, ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन. म्हणजे पहिल्याच मिनिटाला त्याने सांगून टाकलं की हे कबुलीजबाबाचं प्रकरण नाहीये, हक्काचं आहे. मला ही गोष्ट फार आवडते कारण बहुतेक जण तिथेच माफी मागितल्यासारखं बोलायला लागतात.

सप्टेंबर 1975 मध्ये टाईम मासिकाच्या कव्हरवर तो वर्दीत झळकला. पुढे सुनावणीत त्याला पर्याय दिला गेला की इथून पुढे असं काही करणार नाही असं लिहून दे, मग बघू. त्याने सही केली नाही आणि त्याला काढलं. आता इथे क्लार्कच्या नजरेने बघा. एअर फोर्सच्या नियमातच लिहिलं होतं की विशेष परिस्थितीत एखाद्याला ठेवून घेता येईल. मग कोर्टाने विचारलं, बाबांनो, याला का नाही ठेवलं, हा विशेष नाही तर कोण विशेष. त्यांना धड उत्तर देता आलं नाही आणि 1980 मध्ये जजने परत कामावर घ्या म्हणून आदेश दिला. शेवटी त्याने 1,60,000 डॉलरवर तडजोड केली, त्यावरून तेव्हा लोक नाराजही झाले, पण माणसाला जगायचंही असतं, मी त्याला दोष देत नाही.

यातून घ्यायचं काय, तर पहिली केस कुणाची लढायची हे भावनेवर ठरवू नका. तुमच्या ओळखीत पाच जण असतील आणि त्यातल्या एकाची फाइल स्वच्छ असेल तर त्याला पुढे करा, बाकीचे मागे राहून पैसे जमवा, कागद शोधा, त्याच्या आईला डॉक्टरकडे न्या. हे अन्यायाचं वाटतं, मान्य, ज्याची फाइल वाकडी त्याचाही हक्क तेवढाच आहे. पण दार उघडायला गुळगुळीत किल्लीच लागते. अमेरिकेतच कर्नल मार्गारेट कॅमरमायर, व्हिएतनाममध्ये नर्स म्हणून काम केलेल्या, ब्राँझ स्टार मिळालेल्या, 1989 मध्ये सिक्युरिटी क्लिअरन्सच्या (गोपनीय कामाच्या परवानगीच्या) मुलाखतीत विचारलं तेव्हा खरं सांगितलं की मी लेस्बियन आहे. 1992 मध्ये काढलं, 1994 मध्ये कोर्टाने परत आणलं. रेकॉर्ड बोललं.

दुसऱ्याचं नाव तुमच्या तोंडातून जाऊ देऊ नका

हे मी जाड अक्षरात लिहायला पाहिजे. तुम्ही बाहेर आलात, तुमची पेन्शन लागलीये, तुम्ही बोलू शकता. तुमच्याबरोबर बराकीत जो होता तो अजून आत आहे, त्याला बायको असेल, त्याचं प्रमोशन बोर्ड असेल. तुमची गोष्ट सांगताना त्याचं नाव तर सोडाच, युनिट, वर्ष, ठिकाण, कोर्स, ग्रुप फोटो यातलं काहीही जोडून त्याच्यापर्यंत पोचता येईल असं ठेवू नका. जुने चॅट, अ‍ॅपवरचे स्क्रीनशॉट कुणालाही पाठवू नका, पत्रकाराला तर नाहीच, तो चांगला असला तरी नाही. ब्रिटनमध्ये मिलिटरी पोलीस लॉकर उघडून पत्रं, फोटो, पत्त्यांच्या डायऱ्या उचलायचे आणि एका डायरीवरून पुढची दहा नावं काढायचे. आज ती डायरी तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे, एवढाच फरक.

आणि जो अजून नोकरीत आहे त्याला प्रेससमोर उभं करायचा मोह टाळा. आपल्याकडे आर्मी अ‍ॅक्ट आणि आर्मी रूल्सखाली सेवेतल्या माणसाला परवानगीशिवाय प्रेसशी बोलता येत नाही. तुम्ही रिटायर झालात तरी ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट तुमच्यामागे आहेच, म्हणून किस्सा सांगताना तैनाती, ऑपरेशन, संख्या असल्या गोष्टी गाळा. तशीही त्यांची गरज नसते.

तुमच्या देशात नेमकं काय अडलंय ते आधी ओळखा

सगळ्या देशांना एकच औषध चालत नाही. काही ठिकाणी बंदी कधीच गेलीये, नेदरलँड्सने 1974 मध्येच उठवली, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने 1992 मध्ये, ब्रिटनने 12 जानेवारी 2000 ला, अमेरिकेत "डोन्ट आस्क, डोन्ट टेल" (गे आहेस हे लपवलंस तरच नोकरीत राहशील, हा नियम) 20 सप्टेंबर 2011 ला संपलं. तिथे आता भांडण थकबाकीचं आहे. दक्षिण कोरियात अजून मिलिटरी क्रिमिनल अ‍ॅक्टचं कलम 92-6 आहे, सैनिकांच्या समलिंगी संबंधांना 2 वर्षांपर्यंत कैद. 2022 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने दोन सैनिकांची शिक्षा रद्द केली, म्हणाले की ड्युटीबाहेर, खाजगी जागेत, संमतीने झालेल्या गोष्टीला हे कलम लावू नका, पण 2023 मध्ये घटनात्मक कोर्टाने कलम मात्र कायम ठेवलं. म्हणजे एक पाय आत एक बाहेर.

आपलं तर त्याहून गुंतागुंतीचं. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध बाहेर काढले, आपण पेढे वाटले, आणि 1 जुलै 2024 पासून जी न्याय संहिता आली तिच्यात तर ते कलमच नाही. पण घटनेचं कलम 33 संसदेला अधिकार देतं की सैन्यदलांसाठी मूलभूत हक्क कमी करता येतील, आणि आर्मी अ‍ॅक्ट 1950 मध्ये कलम 45 आहे, अधिकाऱ्याला न शोभणारं वर्तन, आणि 46 मध्ये "अनैसर्गिक" हा शब्द आहे, शिक्षा 7 वर्षांपर्यंत. जानेवारी 2019 मध्ये तेव्हाच्या लष्करप्रमुखांनी पत्रकारांना स्पष्टच सांगितलं की आर्मीत हे चालू देणार नाही. व्यभिचाराचं कलम 497 कोर्टाने 2018 मध्ये रद्द केलं त्याचंही असंच झालं, जानेवारी 2023 मध्ये कोर्टाने स्वतःच खुलासा केला की तो निकाल सैन्यदलांच्या कायद्यांना लागू नव्हता. म्हणून "377 गेलं की आता, मग कसली अडचण" असं कुणी म्हणालं तर त्याला हे शांतपणे समजावून सांगायचं. सिव्हिलमधला निकाल कँटोन्मेंटच्या गेटवर आपोआप आत जात नाही, त्याला पास काढावा लागतो.

तो पास काढायची एक स्वस्त पद्धत म्हणजे आरटीआय. 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील, मग माहिती आयोग. फक्त प्रश्न डोकं लावून विचारा. अमक्या माणसाचं काय झालं असं विचारलं तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील (आणि बरोबरच आहे). त्यापेक्षा आकडा मागा, 2018 पासून कलम 46 च्या पोटकलम (अ) खाली किती कारवाया झाल्या, किती कोर्ट मार्शल, किती सेवामुक्त, वर्षवार. "आकडेवारी ठेवली जात नाही" असं उत्तर आलं तरी तो कागद फाइलला लावा, पुढे कामाला येतो.

कुठल्या दारावर आधी थाप मारायची

घाईत थेट हायकोर्टात जाणारे लोक मी पाहिलेत, आणि आधी वरिष्ठांकडे का गेला नाहीत असं विचारून परत पाठवलेलेही पाहिलेत. सेवेत असताना अन्याय झाला असेल तर आधी आतली तक्रार, आर्मी अ‍ॅक्टच्या 26 किंवा 27 खाली, त्यावर 6 महिने काहीच झालं नाही किंवा विरुद्ध निकाल आला तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजींच्या नोकरीच्या तक्रारींचं न्यायाधिकरण. तिथेही अंतिम आदेशापासून 6 महिन्यांची मुदत आहे, ती चुकवू नका, उशीर माफ होऊ शकतो पण त्यासाठी वेगळं कारण लिहीत बसावं लागतं. माजी सैनिकही तिथे जाऊ शकतो. प्रत्येक अर्जाची पोचपावती घ्या, तारीख आणि शिक्का असलेली. तोंडी आश्वासन म्हणजे चहा, प्यायला की संपला.

आणि हराल. हे आधीच मनात धरून चला. ब्रिटनमध्ये जीनेट स्मिथ, ग्रॅमी ग्रेडी, डंकन लस्टिग-प्रीन आणि जॉन बेकेट हे चौघं लढले, दोघं एअर फोर्समधले, दोघं नेव्हीचे. 1995 मध्ये आधी हायकोर्टात हरले, मग अपिलात हरले, मग स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क कोर्टात गेले आणि 27 सप्टेंबर 1999 ला तिथे जिंकले. पुढच्या साडेतीन महिन्यांत बंदी गेली. खालच्या कोर्टात हरताना त्यांनी जे जे रेकॉर्डवर आणलं, म्हणजे यांची नोकरी उत्तम होती, काढायला दुसरं कुठलंही कारण नव्हतं, चौकशीत नको नको ते खाजगी प्रश्न विचारले, ते सगळं वरच्या कोर्टात कामाला आलं. कॅनडात मिशेल डग्लसला 1989 मध्ये काढलं, ती कोर्टात गेली आणि 1992 मध्ये खटला उभा राहायच्या तोंडावर सरकारने हात वर केले. कधी कधी नुसतं साक्षीला उभं राहायची तयारी दाखवली तरी पुरतं, कारण शपथेवर कारण सांगायला त्यांनाच नको असतं.

कोर्टाशिवाय दुसरं दार संसदेचं. इस्रायलमध्ये उझी इव्हन, केमिस्ट्रीचे प्रोफेसर, संरक्षणाच्या संशोधनात काम केलेले, गे असल्याचं कळल्यावर क्लिअरन्स काढून घेतलेलं, ते फेब्रुवारी 1993 मध्ये संसदेत जाऊन बोलले आणि त्याच वर्षी जूनमध्ये नियम बदलले. एका माणसाच्या साक्षीने! अर्थात सगळीकडे इतकं सोपं नसतं, पण खासदाराला भेटायला जाताना एक पानाचं टिपण न्या, एकच मागणी, एकच कायदा, एकच कलम. चाळीस पानांची फाइल त्याचा पीए वाचणार नाही, मी पीए असतो तर मीही वाचली नसती.

समोरून काय येईल आणि काय बोलायचं

शिस्त बिघडेल, मनोधैर्य खचेल, बाकीच्या जवानांना चालणार नाही. हे येणारच. अमेरिकेत 2010 मध्ये पेंटागॉनने स्वतः सर्व्हे केला, सुमारे 1,15,000 सैनिकांनी उत्तरं दिली आणि साधारण 70 टक्के म्हणाले की परिणाम चांगला, संमिश्र किंवा काहीच होणार नाही. पण मला आकड्यापेक्षा स्ट्रासबर्ग कोर्टाचा मुद्दा भारी वाटतो. ते म्हणाले की बहुसंख्यांना आवडत नाही म्हणून अल्पसंख्याकांना काढायचं हे कारणच होऊ शकत नाही, वेगळ्या वंशाच्या किंवा रंगाच्या सैनिकाबद्दल नापसंती असती तर तुम्ही हेच म्हणाला असता का. हे वाक्य पाठ करा, आपल्या भाषेत करा.

दुसरा मुद्दा ब्लॅकमेलचा, गे माणसाला शत्रू फितवेल. याला उत्तर अगदी साधं आहे, लपवायला लागतं म्हणूनच ब्लॅकमेल होतं, बंदी काढा, धमकी द्यायला काही उरत नाही. उझी इव्हनचं तर सगळ्यांना कळलं होतं, मग धोका कसला राहिला.

तिसरं उत्तर माणसाचं. एरिक अल्वा, मरीन स्टाफ सार्जंट, 21 मार्च 2003 ला इराकमध्ये सुरुंगावर पाय पडून उजवा पाय गेला, त्या युद्धात गंभीर जखमी झालेला पहिला अमेरिकन. 2007 मध्ये त्याने जाहीर सांगितलं की मी गे आहे आणि 2008 मध्ये काँग्रेससमोर साक्ष दिली. त्याच्यासमोर बसून मनोधैर्याचं भाषण देणं किती अवघड गेलं असेल. पण सावध, प्रत्येकाकडे असा पाय नसतो आणि नसावाही. हक्क मिळवायला आधी शौर्यपदक दाखवा अशी अट आपणच तयार करायला नको. स्टोअरमध्ये रजिस्टर लिहिणाऱ्यालाही तोच हक्क, हे मी स्वतःसाठी बोलतोय हे उघड आहे.

इंटरव्ह्यू द्यायचाच असेल तर एक वाक्य तयार ठेवून जा, बाकी सगळं ते कापणारच आहेत. मॅटलोविचने जिवंतपणीच आपल्या थडग्याचा दगड करून घेतला होता, त्यावर लिहिलंय की फौजेत असताना दोन माणसं मारली म्हणून मला पदक दिलं आणि एकावर प्रेम केलं म्हणून डिस्चार्ज. त्याचं नाव विसरलेल्यांनाही हे वाक्य आठवतं. आणि घरच्यांना टीव्हीवरून कळू देऊ नका. आधी सांगा, तोंडाने, बसून.

बंदी गेली तरी हिशोब बाकी असतो

इथे बहुतेक चळवळी ढेपाळतात, पेपरात फोटो येतो, मंडळी घरी जातात. ब्रिटनमध्ये जो ऑसलिस, नेव्हीतला रेडिओ ऑपरेटर, फॉकलंडच्या युद्धात होता, 1993 मध्ये काढला आणि चांगल्या वर्तणुकीचं पदक काढून घेतलं. ते त्याला परत मिळालं पंचवीसएक वर्षांनी, तेही कोर्टात गेल्यावर. सरकारने माफी मागितली जुलै 2023 मध्ये, एथर्टन समितीच्या अहवालानंतर, आणि भरपाईची योजना उघडली डिसेंबर 2024 मध्ये, 7 कोटी 50 लाख पौंडांची, ज्यांना काढलं त्यांना प्रत्येकी 50,000 आणि त्रासाप्रमाणे वर 20,000 पर्यंत. बंदी उठून 24 वर्षं झाली होती, तोवर किती म्हातारे गेले असतील. कॅनडात 2017 मध्ये माफी आणि 2018 मध्ये 14.5 कोटी डॉलरपर्यंतची तडजोड. अमेरिकेत डिस्चार्जचा दर्जा बदलायला 15 वर्षांच्या आत असाल तर डीडी 293, त्यापुढे डीडी 149 हा फॉर्म, आणि जून 2024 मध्ये समलिंगी संबंधांवरच्या जुन्या लष्करी कलमाखाली शिक्षा झालेल्यांना माफी जाहीर झाली, पण तिचं प्रमाणपत्र आपोआप घरी येत नाही, अर्ज करावा लागतो.

म्हणून मागणीपत्रात पहिल्या दिवसापासून सगळं लिहा. बंदी किंवा कलम काढा हे झालंच, शिवाय डिस्चार्जचं कारण दुरुस्त करा, पेन्शन मोजताना गेलेली वर्षं धरा, पदकं परत द्या, वारल्यानंतर जोडीदाराला आणि घरच्यांना काय मिळेल ते ठरवा. नंतर बघू म्हटलेलं नंतर 24 वर्षांनी येतं.

एकट्याने करू नका, एवढं अजून. ब्रिटनमध्ये रँक आउटसायडर्स नावाचा गट होता, काढून टाकलेल्यांनी काढून टाकलेल्यांसाठी चालवलेला, त्या चौघांच्या पाठीशी ती माणसं होती. तुमचं नाव एकदा बाहेर आलं की फोन यायला लागतात, रात्री उशिरा, अनोळखी नंबर, पलीकडे कुणीतरी नुसता श्वास घेतोय. फोन ठेवू नका. नाव विचारू नका, युनिट तर मुळीच विचारू नका. मी त्यांना आधी जेवलास का विचारतो. बोलायला लागला की ऐका, लगेच केस करूया म्हणू नका, त्याच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचं येतंय असं वाटलं तर केसबिस बाजूला, आधी त्याच्याजवळ माणूस पोचवा, डॉक्टर पोचवा. बाकी सगळं ठीक असेल तर तिसऱ्या चौथ्या फोनला हळूच विचारा, तुझी ट्रंक कुठे आहे.